बाफला दुपारचा, सराफा रात्रीचा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

उज्जैन-ओंकारेश्वर करायला महाराष्ट्रातून येणारी कुटुंबं इंदुरात एक-दोन मुक्काम करतातच. सुट्ट्या जवळ आल्या की आमच्याकडे पत्रं येऊ लागतात, आणि बहुतेकांचा विषय एकच असतो: सगळं घर बरोबर असताना बाहेर शाकाहारी जेवायचं कसं, की कोणी अर्धपोटी उठू नये आणि दुसऱ्या दिवशी कोणाचं पोटही बिघडू नये. त्यातले काही प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : सासू-सासरे सत्तरीचे, दीर-जाऊ, आम्ही दोघं आणि चार वर्षांचा मुलगा असे सात जण येतोय. दाल-बाफला खायचाच आहे. संध्याकाळी पोहोचतो, तर रात्रीच खावा का? आणि सात जणांना किती मागवावा? (पुणे)

रात्री नको. बाफला दुपारी खावा, आणि त्यानंतर दोन-तीन तास कुठे जायचं नसेल अशा दिवशी खावा.

बाफला आणि बाटी एक नव्हे. बाटीचा गोळा थेट निखाऱ्यावर किंवा भट्टीत भाजतात. बाफला आधी हळद घातलेल्या उकळत्या पाण्यात शिजवतात. पंधरा-वीस मिनिटांत तो वर तरंगू लागतो, मग निथळून, कोरडा करून भाजतात. कणीक जाडसर, तिच्यात थोडं मक्याचं पीठ, ओवा, मीठ, तुपाचं मोहन आणि चिमूटभर सोडा. खरपूस भाजला की दाबून भेग पाडायची आणि तुपात बुडवायचा. एका बाफल्यात साधारण दोन पोळ्यांची कणीक मुरलेली असते, तूप वेगळंच. रात्री दहाला दोन बाफले खाऊन सकाळी सहाला उज्जैनला निघणाऱ्यांचा दिवस जड जातो. दुसरं कारण स्वयंपाकघरातलं. उकडलेले बाफले सकाळीच तयार असतात आणि दुपारच्या गर्दीत ते ताजे भाजून येतात. रात्री मिळतो तो बऱ्याच ठिकाणी दुपारचाच, पुन्हा गरम केलेला. साडेबारा ते दीड ही सगळ्यात चांगली वेळ.

प्रमाण असं धरा: भूक चांगली असलेल्याला दोन, सत्तरीच्या माणसाला एक, चार वर्षांच्या मुलाला अर्धा. तुमच्या सात जणांचे साडेदहा होतात. पहिल्या फेरीला आठच मागवा. दाल, कढी, बटाट्याची भाजी, हिरवी आणि लसणाची चटणी, वर लाडू असं सगळं ताटात आलं की अंदाज बदलतो, आणि उरलेले दोन-तीन गरम येतात तेव्हा जास्त रुचतात. लाडूतही तूप भरपूर असतं, तेव्हा ज्येष्ठांना दोघांत एक पुरे. तूप सोसत नसेल त्यांच्यासाठी ताट येण्याआधीच सांगा: ‘दो बाफले कोरे लाना, घी अलग कटोरी में.’ एकदा बुडवलेला बाफला परत कोरा होत नाही.

ताट ‘अनलिमिटेड’ असेल तर दोघांत एक चालत नाही. मुलाचं अर्धं ताट वयावर आहे की उंचीवर, हे बसण्याआधी विचारा. अर्धा बाफला खाणाऱ्या मुलासाठी पूर्ण ताट घ्यावं लागणार असेल, तर नगावर मिळणारं ठिकाण बरं.

चांगला-वाईट ओळखायची खूण म्हणजे फोडून आतलं पाहणं. आत चिकट, पिठूळ लागला तर उकडताना पाणी पुरेसं उकळत नव्हतं किंवा गोळा फार मोठा होता. बाहेरून लाकडासारखा कडक असेल तर परत गरम केलेला आहे. आत लालसर ठिपके दिसले आणि जिभेला साबणासारखी चव आली तर सोडा जास्त पडलाय, कारण सोड्याने हळद लाल होते. असा बाफला बदलून मागायला संकोचू नका. खाताना गरम असतानाच चुरा, वर दाल ओता, लिंबू पिळा आणि दोन मिनिटं थांबा. ती दोन मिनिटं फार महत्त्वाची आहेत. दाल आत शिरल्याशिवाय बाफला कोरडाच लागतो आणि मग माणूस त्यावर आणखी तूप ओतत राहतो.

प्रश्न : चातुर्मासात सासूबाई कांदा-लसूण खात नाहीत. हॉटेलात ‘जैन बना देंगे’ म्हणतात, पण भाजी तोंडात घातली की कांदा कळतो. मागवावं तरी काय? (ठाणे)

आधी कांदा कुठून येतो ते पाहू. पंजाबी पद्धतीच्या हॉटेलात भाज्या मागणीनुसार पहिल्यापासून शिजत नाहीत. दोन-तीन तऱ्हेची ग्रेव्ही सकाळी पातेलंभर करून ठेवतात. लाल ग्रेव्हीत टोमॅटोबरोबर कांदा-लसूण वाटलेला असतो. पांढरी ग्रेव्ही पाहून लोक निर्धास्त होतात, पण तिच्यातही काजू-मगजबीबरोबर उकडलेला कांदा बहुधा असतोच. मागणी आली की त्यात पनीर किंवा भाजी पडते, वर फोडणी बसते. गर्दीच्या वेळी ‘जैन’चा अर्थ कधीकधी एवढाच उरतो की वरून कांदा घातला नाही.

म्हणून ‘प्याज मत डालना’ हे वाक्य पुरत नाही. विचारायचं ते असं: ‘भैया, ग्रेवी में प्याज पिसा हुआ है क्या? बिना प्याज की ग्रेवी अलग रखी है?’ वेगळी आहे म्हणाले तर ठीक. वाढणारा अडखळला तर ग्रेव्हीची भाजी सोडा आणि जे मागणीनंतरच बनतं ते सांगा: जिरा आलू, कोरडी भेंडी, साधी दाल जिऱ्या-हिंगाच्या फोडणीची, कढी (भजी कांद्याची नाही ना, एवढं विचारून), दही, तव्यावरची पोळी. माळव्यातली शेव-टमाटर ही अशा वेळी फार उपयोगाची भाजी आहे. टोमॅटो, आलं, मिरची, हिंग एवढ्यात ती पाच-सात मिनिटांत होते. शेव मात्र लसणाची निघू शकते, इथे लसूण-शेव खूप खपते. ‘सादी सेव’ म्हणून सांगा. सांबार, पावभाजी आणि कुठलीही लाल चटणी यांच्या वाटेला जाऊ नका.

‘जैन’ हा शब्दही जपून वापरा. जैन म्हटलं की बटाटा, गाजर, बीट हेही गेलं. सासूबाईंना बटाटा चालत असेल तर ‘बिना प्याज-लहसुन’ म्हणा, निवड दुपटीने वाढते. चातुर्मासात वांगंही वर्ज्य असेल तर मिक्स व्हेज मागवताना तेही सांगून ठेवा.

सकाळी चिंता नाही. इंदुरी पोहे आपल्या कांदेपोह्यांसारखे कांदा परतून करत नाहीत. ते उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाफेत गरम राहतात, जिभेला किंचित गोड आणि बडीशेपेचे लागतात, आणि कांदा, शेव, जिरावण (वरून भुरभुरायचा इथला मसाला), लिंबू सगळं वरून पडतं. ‘प्याज मत डालना’ हे वाक्य इथे मात्र पुरतं.

प्रश्न : आमची एकादशी इंदुरात येतेय. साबुदाण्याची खिचडी सगळीकडे मिळते असं ऐकलं. निश्चिंत राहावं का? (सांगली)

खिचडी मिळेल, आणि चांगली मिळेल. प्रश्न तिच्यावर काय पडतं याचा आहे. इथल्या ‘फलाहारी’त आणि आपल्या उपासात फरक आहे. खिचडीवर जिरावण भुरभुरतात, त्यात धणे, बडीशेप, आमचूर, काळं मीठ असतं. धणे-बडीशेप आपल्याकडे बहुतेक घरांत उपासाला चालत नाही. शेव बटाट्याची की बेसनाची, हेही विचारायलाच हवं. ‘सेंधा नमक, नींबू, आलू के लच्छे, बस’ एवढं सांगितलं की काम होतं. भुट्ट्याचा कीस उपासाचा नव्हे, मका धान्यच आहे. हिवाळ्यात गराडू मिळतो. हा कोनफळाच्या जातीचा कंद. तो उपासाला चालेल, पण ज्या कढईत कचोरी तळली तिच्यातला नको.

प्रश्न : हायवेवर पाटी ‘शाकाहारी-मांसाहारी’ अशीच असते. गाडीत सगळे भुकेले असतात, मग अशा ठिकाणी जेवावं का? (अकोला)

हा ज्याच्या-त्याच्या घरच्या रीतीचा प्रश्न आहे, त्यात आम्ही पडत नाही. जेवायचं ठरवलं तर दोन गोष्टी विचारा: तवा आणि तळणीचं तेल वेगळं आहे का, आणि ग्रेव्हीचे डाव वेगळे आहेत का. उत्तर पटलं नाही तर दाल, भात, दही, तंदूरची रोटी यांवर भागवा. पण तंदूर एकच असेल आणि त्यातच मांसाहारी पदार्थ भाजत असतील, तर तव्यावरची पोळी मागा.

शुद्ध शाकाहारी पाटीखालीही काही पदार्थ विचारूनच घ्यावेत. मेयोनीज, केक-पेस्ट्री आणि काही ठिकाणचा नान यांत अंडं असू शकतं. थाई रश्श्यात माशाचा सॉस, मार्शमेलोत प्राण्यांपासून काढलेलं जिलेटिन. पाकिटावरच्या चौकोनात हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. मांसाहाराची खूण आता चौकोनातला तपकिरी त्रिकोण आहे, आणि आपल्या अन्नकायद्यात अंडं मांसाहारातच मोडतं. हिरव्या ठिपक्याच्या चीजबद्दल शंका नको. परदेशी चीज असेल तर वेष्टन वाचा, त्यात प्राण्याचं रेनेट (चीजसाठी दूध फाडायला घालतात ते) असू शकतं.

प्रश्न : नात तीन वर्षांची, तिखट अजिबात चालत नाही. ‘कम तीखा’ सांगूनही रडते. (दादर)

तयार ग्रेव्हीत तिखट आधीच मुरलेलं असतं, ते कमी करता येत नाही, फक्त वरून साय घालून झाकता येतं. तिच्यासाठी पहिल्यापासून वेगळं मागवा: फोडणीच्या आधी काढलेलं वरण, साधा भात, तूप-पोळी, दही. ‘दाल तड़के से पहले निकाल देना, बच्ची के लिए’ असं सांगितलं की कुठलंही हॉटेल देतं. भुट्ट्याचा कीस बहुतेक मुलांना आवडतो. किसलेला मका तुपावर परतून दुधात शिजवतात, चव गोडसर असते. मिरची घालू नका म्हणायचं, बस. आणि तिचं पान सगळ्यांच्या आधी मागवा. मोठ्यांची भाजी येईपर्यंत मूल भुकेने चिडतं, मग दहीभातही ढकलून देतं.

प्रश्न : सराफा की छप्पन दुकान? आईला गुडघ्यांचा त्रास आहे आणि दोन मुलं शाळेतली आहेत. (नाशिक)

वेळ असेल तर दोन्ही, वेगवेगळ्या दिवशी. एकच जमणार असेल तर आईंसाठी छप्पन दुकान. न्यू पलासियातली खाण्याच्या दुकानांची ही ओळ २०२० मध्ये नव्याने बांधली गेली. आत गाड्या येत नाहीत, चालायला मोकळं आहे, बसायला जागा सापडते. संध्याकाळी सहा-सातला गेलात तर दिवे लागलेले असतात आणि गर्दी अजून व्हायची असते.

सराफा दिवसा खरोखर सराफ बाजार आहे. दागिन्यांची दुकानं बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे खाण्याची दुकानं मांडली जातात, नऊच्या सुमारास रंग चढतो आणि मध्यरात्र उलटेपर्यंत चालतं. सगळं शाकाहारी. पण गल्ली अरुंद आहे, बसायला जवळजवळ काही नाही, आणि शनिवारी-रविवारी अकरा वाजता मुलाचा हात सुटला तर जीव घाबरा होतो. मधल्या वारी जा, नऊला पोहोचा, साडेदहाला बाहेर पडा. गाडी राजवाड्याच्या अलीकडे सोडा, पुढे चालतच जायचं आहे. आईंना यायचंच असेल तर घडीचा हलका स्टूल बरोबर घ्या. लोक बाजूला सरकून जागा देतात.

दोन्हीकडे लोकांचं चुकतं ते एकाच ठिकाणी. पहिल्या दुकानावर सगळ्यांसाठी एकेक प्लेट घेतात आणि तिसऱ्या दुकानापर्यंत पोट भरतं. चौघांनी दोनच प्लेट घ्याव्या आणि पुढे सरकावं. क्रमही पाळावा: आधी गरम-तळलेलं, म्हणजे खोपरा पॅटिस (बटाट्याच्या पारीत ओल्या नारळाचं सारण), मग भुट्ट्याचा कीस, थंडी असेल तर गराडू, त्यानंतर दहीवडा, शेवटी गोड. गराडू एकदा तळून ठेवतात आणि मागितल्यावर पुन्हा तळतात. दुसरी तळणी डोळ्यांसमोर होऊ द्या. बाहेर कुरकुरीत आणि आत पिठाळ हवा. सराफ्यातला जलेबा म्हणजे पाव किलोच्या आसपासची एकच जिलबी. पाच-सहा जणांत एक पुरतो, आणि कढईतून निघाल्यावर लगेच खावा.

इथली शिकंजी म्हणजे लिंबाचं सरबत नव्हे. आटवलेलं दूध, मठ्ठा, केशर, वेलची, सुकामेवा असं दाट, थंड पेय असतं. तहान भागवायला मागवलं तर फसगत होते, आणि आईंना मधुमेह असेल तर ग्लासात चार घोट घेऊन थांबावं. पाणीपुरीचं पाणी सीलबंद पाण्याचं आहे का विचारा. खात्री नसेल तर मुलांना शेवपुरी द्या.

प्रश्न : मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. माळव्यात काय टाळावं? (औरंगाबाद)

साबुदाण्याची खिचडी पूर्ण टाळा. चिवडा, मिक्स नमकीन आणि खाऱ्या दाण्यांच्या डब्यात गेलेल्या हाताने दिलेली सुटी शेवही टाळा. पोहे दाणे वेचून देऊ नका, डावाला लागलेला कूट पुरेसा असतो. हिरवी चटणी दाट करायला दाणे वाटतात, तेव्हा प्रत्येक ठिकाणी विचारा: ‘चटनी में मूंगफली है?’ तळणीचं तेल कुठलं, हेही. डॉक्टरांनी दिलेलं औषध सामानात न ठेवता हाताशीच ठेवा. ही खबरदारी गर्दीच्या गल्लीत घेता येत नाही, त्यामुळे सराफा या मुलासाठी नको. बसून जेवायचं शांत ठिकाण निवडा, जिथे स्वयंपाक्याशी बोलता येतं.

प्रश्न : बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ लावला होता. द्यावाच लागतो का? जीएसटी किती असतो? (कल्याण)

सेवाशुल्क ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते आपोआप बिलात घालता येत नाही, दुसऱ्या नावानेही नाही. या सूचनांविरुद्धच्या याचिका दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला फेटाळल्या. शांतपणे काढायला सांगा. नाहीच ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

जीएसटी साध्या उपाहारगृहात ५ टक्के. खोलीचं रोजचं भाडं ₹७,५०० च्या वर असलेल्या मोठ्या हॉटेलातल्या उपाहारगृहात १८ टक्के. म्हणजे ₹२,००० च्या जेवणाचे साध्या ठिकाणी ₹२,१०० व्हायला हवेत. दहा टक्के सेवाशुल्क धरलं तर आधी ₹२,२००, त्यावर कर, असे ₹२,३१० होतात. फरक ₹२१० चा. काही छोटी हॉटेलं ‘कंपोझिशन’ या छोट्या व्यावसायिकांसाठीच्या करयोजनेत असतात, त्यांना ग्राहकाकडून जीएसटी वेगळा घेता येत नाही आणि तसं बिलावर लिहावं लागतं. बिलावर १४ आकडी अन्न-परवाना क्रमांकही असायला हवा. बिल जपून ठेवा, पोट बिघडलं आणि तक्रार करायची वेळ आली तर तोच पुरावा.

वाढणाऱ्याने घरच्यासारखं केलं असेल तर त्याच्या हातात वेगळे पैसे द्यावे. आम्हाला तेच योग्य वाटतं.

प्रश्न : सकाळी ओंकारेश्वरला निघायचं, परत येईपर्यंत संध्याकाळ. रात्रीच्या हॉटेलातलं उरलेलं बांधून नेलं तर? (जळगाव)

रात्रीचं ओलं काही नेऊ नका. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. मे महिन्यात बंद गाडीत त्याहूनही लवकर बिघडतं. पनीर, दही, ओल्या नारळाची चटणी, भात आणि दाल हे पहिले बाद. खोलीवर फ्रिज असेल तर रात्रीच जेवल्याबरोबर आत ठेवा आणि सकाळी वाफ येईपर्यंत गरम करून तिथेच संपवा.

बरोबर न्यायला कोरडं घ्या. दुधात भिजवलेल्या दशम्या घरून आणल्या असतील तर उत्तम. नाहीतर सकाळी हॉटेलातून पोळ्या करून घ्या, गार झाल्यावर बांधा. गरम पोळ्या फॉइलमध्ये गुंडाळल्या की वाफेचं पाणी सुटतं आणि तासाभरात चिकट होतात.  सुकी छोटी कचोरी आणि सीलबंद शेव दिवसभर टिकते, पाकिटावरची तारीख तेवढी पाहा.

इंदूर-ओंकारेश्वर अंतर ८० किलोमीटरच्या आत आहे, पण वाटेत सिमरोल आणि भेरूघाटाची वळणं लागतात. गाडी लागणाऱ्याला निघण्याआधी जिलबी देऊ नका. साधे पोहे अर्धी प्लेट, वर लिंबू, आणि घाट उतरून बडवाह आलं की चहा. दर्शनाला पायऱ्या आणि रांग आहे, त्यामुळे दुपारचं जेवण दोनच्या पुढे जातं हे गृहीत धरून मुलांचा डबा हातातल्या पिशवीत ठेवा, गाडीत नको.